विंटर स्टीलहेडचा फ्लाय साताऱ्यात बसून बांधायचा असेल तर

फ्लाय म्हणजे पिसं, लोकर बांधून केलेलं गळाचं खोटं आमिष आणि स्टीलहेड हा अमेरिकेतला एक मासा. पहिलं एक सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं नीट डोक्यात बसेल. हिवाळ्यातल्या स्टीलहेडचा फ्लाय दिसायला मोठा पाहिजे पण त्यात माल कमी पाहिजे. नवीन माणूस नेमकं उलटं करतो, तीन इंचाचा फ्लाय म्हणजे तीन इंच भरून पिसं कोंबायची असं त्याला वाटतं, मग व्हाइसमधे (फ्लाय बांधताना धरून ठेवणारा छोटा शिकंजा) कोरडा असताना तो एकदम भारी दिसतो, फोटो पण झकास येतो, आणि पाण्यात पडला की सगळं भिजून चिकटून त्याची वात होते आणि ती भिजलेली वात दिवसभर फेकून फेकून खांदा भरून येतो. तर मोठा दिसणारा पण हलका, भिजला तरी फुललेला राहणारा आणि पाण्यातून वर काढला की एका झटक्यात पाणी सोडणारा असा फ्लाय बांधायचाय. बाकी रंगबिंग सगळं नंतर.

मी अमेरिकेत ओरेगॉनला नोकरीला होतो तेव्हा हा नाद लागला, आता साताऱ्यात घरीच डायनिंग टेबलच्या एका कोपऱ्यात व्हाइस लावलेला असतो (घरच्यांचा विरोध आता मावळलाय, पिसं पोह्यात आली नाहीत म्हणजे झालं). तिकडं पोर्टलंड, सिएटलला आपले बरेच लोक आहेत, त्यातले काही सुट्टीला आले की विचारतात कसं बांधतात दाखव, आणि इथल्या दोघातिघांना पण नुसतं बांधायलाच आवडतं, मासा कुठं का असेना. त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी माशाचं थोडं, कारण ते कळल्याशिवाय फ्लाय असा का ते कळत नाही. स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच, आपल्याकडे हिमाचलात आणि मुन्नारला जो ट्राउट सोडलेला आहे तीच जात, फरक इतकाच की हा नदीत जन्मतो, मग पॅसिफिक समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. तिकडच्या पॅसिफिक सॅमनचा खेळ एकदा अंडी घातली की संपतो, स्टीलहेडमधले काही मात्र जगतात आणि परत समुद्रात जातात. विंटर रन म्हणजे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात नदीत शिरणारे मासे, ओरेगॉनात सँडी, क्लॅकमस, वॉशिंग्टनला स्कॅगिट, हो वगैरे नद्या. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर सकाळी हिमकण दिसले की आपल्या पेपरात फोटो येतो ना, तिकडं त्या दिवसात नदीचं पाणीच ४ ते ७ अंशाला असतं, वर सतत पाऊस, त्यामुळं पाणी गढूळ नाहीतर हिरवट दुधाळ. इतक्या गार पाण्यात मासा सुस्त असतो, लांब पळत येऊन काही धरत नाही. आणि नदीत आल्यावर तो फारसं खातही नाही, मग फ्लाय का धरतो, राग येतो म्हणून का जुनी सवय म्हणून, यावर तिकडं लोक रात्र रात्र वाद घालतात. आपल्याला कामाचं इतकंच की फ्लाय त्याच्या नाकासमोरून, खोलातून, हळू जायला पाहिजे आणि त्या गढूळ पाण्यात त्याला तो दिसायला पाहिजे.

फेकायची पद्धत पण लक्षात घ्या. फ्लाय नदीत आडवा, थोडा खालच्या अंगाला फेकायचा आणि लाइन ताणलेली ठेवायची, मग प्रवाहच त्याला मधल्या धारेतून काठाकडं कमानीत ओढत आणतो, याला स्विंग म्हणतात. खाली न्यायचं काम लाइनच्या पुढं जोडलेला सिंक टिप, म्हणजे बुडणारा जड तुकडा, करतो, टी-८, टी-११, टी-१४ असे प्रकार असतात, आकडा म्हणजे एका फुटाला किती ग्रेन (वजनाचं एक बारीक माप) वजन तो, म्हणजे टी-११ हा टी-८ पेक्षा जड आणि भराभर बुडणारा. म्हणून फ्लायमधे शिसं भरायची गरज नाही, वजन टिपमधे आहे. हे कळलं की निम्मं काम झालं.

पूर्वी यासाठी सशाच्या कातड्याच्या पट्टीचे लीच, म्हणजे जळूसारखे लांब फ्लाय, जास्त चालायचे, अजूनही चालतात, पाण्यात हलतात मस्त, पण कातडं पाणी पितं आणि जड होतं. १९९० च्या दशकात स्कॅगिटवर मासेमारी करणारे एड वॉर्ड, जेरी फ्रेंच आणि स्कॉट हॉवेल यांनी इंट्रूडर नावाचा प्रकार काढला, लांब शँकवर (गळ नसलेल्या तारेवर) मागं एक आणि पुढं एक असे पिसांचे दोन घेर आणि मधे जवळजवळ मोकळं. मोठा दिसतो पण आत काही नाही. आपण त्याचाच सोपा भाऊ बांधणार आहोत.

सामान काय लागतं आणि इथं काय मिळतं

व्हाइस ऑनलाइन घ्या, स्वस्तातला चालतो, मजा म्हणजे अमेरिकेत बिगिनर किट म्हणून जे व्हाइस विकतात त्यातले काही भारतात बनलेले असतात. दोऱ्याची रीळ धरणारा बॉबिन होल्डर एक घ्या, बारीक टोकाची कात्री एक, ती फक्त यासाठीच ठेवायची, घरात कुणी पाकिटं कापायला नेली की संपलं.

शँक म्हणजे टोकाला गळ नसलेली तार, दोन्ही बाजूला डोळा, म्हणजे तार वळवून केलेलं कडं. तयार मिळते पण हार्डवेअरच्या दुकानातली साधारण १ एमएमची स्टेनलेस तार आणि सोनाराकडं असते तसली गोल तोंडाची पक्कड असली की घरी होते. ३५ ते ४० एमएम लांबी ठेवा. पुढचा डोळा पूर्ण बंद करा आणि तारेचं टोक मागं दुमडून शँकला समांतर आणा, नाहीतर तिथंच दोरा कापला जातो.

दोरा तिकडं १४० डेनियरचा वापरतात. शिवणाचा साधा दोरा जाड आणि लवयुक्त असतो, डोकं बटाट्याएवढं होतं. सरावापुरता मशीन एम्ब्रॉयडरीचा दोरा चालतो पण तो गुळगुळीत, घसरतो, म्हणून मेण लावून घ्यायचं. मेण आपल्याकडं काय कमी आहे, महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मधे मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या बाजूला गेलात की मधाबरोबर मेणाची वडी पण विचारा.

आता पिसं, हा माझा आवडता विषय. आपल्या सातारा सांगली पट्ट्यात दोन स्कीमा येऊन गेल्या, एक इमूची आणि एक कडकनाथची, दोन्हीत लोकांचे पैसे गेले, इमूचं फॅड २०१२ च्या आसपास बसलं आणि कडकनाथचं प्रकरण इस्लामपुरातून २०१९ मधे बाहेर आलं. ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी वाईटच, पण फ्लाय बांधणाऱ्याच्या दृष्टीनं सांगायचं तर या दोन पक्ष्यांची पिसं म्हणजे सोनं. इमूच्या पिसाला एकाच बुडातून दोन दांड्या निघतात आणि त्यावरचे तंतू मोकळे, एकमेकांत न अडकणारे, लवचिक असतात, तिकडं शहामृगाचे किंवा रिया या तसल्याच पक्ष्याचे तंतू वापरतात त्या जागी हे छान बसतात. आमच्या एका पाहुण्यांच्या माळ्यावर त्या काळातलं पिसांचं अख्खं पोतं पडून होतं, ते मी उचललं, त्यांना वाटलं येडं झालंय. इमू नसेल मिळत तर क्राफ्टच्या दुकानातलं शहामृगाचं पीस घ्या, एकात कितीतरी फ्लाय होतात.

कडकनाथ कोंबड्याच्या पाठीच्या शेवटाला, शेपटी सुरू व्हायच्या अलीकडं जी लांब मऊ पिसं असतात ती घ्यायची, मानेवरची अरुंद चकचकीत नको. काळी आणि उन्हात धरली की हिरवट झाक मारतात. गिनी फाऊलची ठिपक्यांची पिसं पण मिळवून ठेवा, साप येऊ नये म्हणून फार्महाऊसवाले पाळतात ती करकर ओरडणारी राखाडी कोंबडी, तिची पिसं अंगणात पडलेली असतात, मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. चिकनच्या दुकानातली ब्रॉयलरची पांढरी पिसं मात्र आणू नका, आखूड असतात आणि वास जात नाही.

लोकर हवी ती माणदेशातल्या काळ्या मेंढीची, घोंगडीची. दहिवडी म्हसवडकडं गेलात तर धनगरांकडं कातरलेली लोकर मिळते, नाहीतर जुन्या घोंगडीच्या कडेची दशी पण चालते. ही लोकर राठ आहे म्हणूनच आपल्याला हवी, का ते पुढं येईल.

चमक म्हणून बेगड, गणपतीच्या डेकोरेशनची झालर असते त्यातल्या अगदी बारीक पट्ट्या, एक मिलिमीटरपेक्षा रुंद नको. फ्लायच्या डोळ्यांसाठी मण्यांची स्टीलची साखळी, कीचेनला असते ती, तिचे दोन मणी पक्कडीनं तोडून घ्यायचे. मागच्या लूपसाठी ५० पाउंडाची ब्रेडेड लाइन, ही मात्र खरी मासेमारीच्या दुकानातलीच, इथं जुगाड नको कारण मासा याच्यावरच लटकणार आहे. गळ आखूड दांडीचा, १ किंवा २ नंबरचा. फेविक्विक, नेलपॉलिश बिनरंगाची, क्रोशाची सुई, दाभण. झालं सामान.

दोन गोष्टी वापरायच्या नाहीत. मोराचं पीस रानात पडलेलं सापडतं, घरात ठेवायला हरकत नाही पण ते लावलेला फ्लाय देशाबाहेर नेऊ नका. आणि रानकोंबडा, महाबळेश्वर कोयनेच्या जंगलात आहे तो, त्याच्या मानेवरच्या मेणचट ठिपक्यांच्या पिसांसाठी जुने सॅमन फ्लाय बांधणारे जीव टाकतात, पण तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, तिकडं विकतात ती पिंजऱ्यात पैदास केलेल्या पक्ष्यांची पिसं असतात. कुणी इथं आणून देतो म्हणाला तरी हात जोडा.

रंगवायचं कसं

पीस आणि लोकर दोन्ही प्रोटीन, त्यामुळं कॉटनचे रंग यावर नीट धरत नाहीत, आणि होळीचा रंग तर पहिल्या धुण्यात जातो. खायचा रंग मात्र व्हिनेगरबरोबर पक्का बसतो, जिलेबीचा तो केशरी रंग किराणा दुकानात मिळतो तोच. पिसं आधी भांड्याच्या साबणानं दोनदा धुवा, पिसाला नैसर्गिक तेल असतं आणि ते गेलं नाही तर रंग डागडाग बसतो. मग गरम पाणी, उकळतं नाही, वाफ येते इतपत, त्यात रंग आणि अर्धी वाटी व्हिनेगर, पिसं आधी साध्या पाण्यात भिजवून मग यात टाकायची आणि पंधरावीस मिनिटं हलवत राहायचं. पाणी बऱ्यापैकी नितळ झालं की रंग पिसात गेला. गडद निळा, जांभळा हवा असेल तर ऍसिड डाय ऑनलाइन मागवा, रीत तीच, पण मग ते पातेलं परत स्वयंपाकाला नाही, हे आधीच घरात सांगा. सुकवताना शेवटी पिशवीत घालून हेअर ड्रायरचा वारा दिला की तंतू परत मोकळे होतात.

बांधायला घेऊ

शँक व्हाइसमधे मागच्या बाजूनं पकडा. पुढच्या डोळ्यामागं तीनचार मिलिमीटर जागा सोडून दोरा लावा आणि मागपर्यंत सलग वेढे देत न्या. ही पुढची मोकळी जागा डोक्याची आहे, बांधता बांधता ती हमखास भरत जाते, तेव्हा कितीही मोह झाला तरी तिथं शिरायचं नाही.

ब्रेडेड लाइनचा तुकडा घ्या, दुमडून लूप करा, लूप मागं इतका बाहेर ठेवा की गळ त्यातून आरपार जाईल, दोन पदर शँकच्या दोन बाजूंना बसवा आणि दोऱ्यानं गच्च वेढे देत पुढं या. पुढं आल्यावर दोन्ही टोकं पुढच्या डोळ्यातून खालून वर ओढून परत मागं दुमडा आणि त्यावरूनही वेढे द्या, वर फेविक्विकचा एक थेंब. आता लूप पक्कडीत धरून जोर लावून ओढा. हलला तर काढा आणि परत करा, इथं दया नको. गळ शेवटी लावायचा, लूप गळाच्या डोळ्यातून ओवून गळावरून पलटी मारून ओढायचा, टोक वरच्या बाजूला राहील असा, म्हणजे तळाच्या दगडात कमी अडकतो. गळ असा सुटा लोंबता ठेवण्याचं कारण म्हणजे लांब दांडीचा गळ माशाला तोंडात तरफ म्हणून वापरता येतो आणि तो त्याच्या जोरावर सुटतो, आखूड सुट्या गळाला ती तरफ मिळत नाही. शिवाय गळ बोथट झाला, गंजला तर नुसता गळ बदला, फ्लाय तोच.

साखळीचे दोन मणी शँकच्या खालच्या बाजूला, डोक्याच्या जागेच्या लगेच मागं ठेवून इंग्रजी आठच्या आकारात दोरा फिरवून बांधा, दोन्ही तिरक्या बाजूंनी आठदहा वेढे आणि मग मणी आणि शँक यांच्या मधून गोल दोनतीन वेढे, ते सगळं आवळतं. खालच्याच बाजूला का, तर वजन खाली राहिलं की फ्लाय पाण्यात सरळ पोहतो, उलटत नाही.

आता मागचा घेर. दोरा शँकच्या मागच्या टोकाला न्या. केशरी रंगवलेली थोडी लोकर दोऱ्यावर चिमटीत पिळून तिचा छोटा गोळा तयार होईल असे वेढे द्या, वाटाण्याहून लहान. हा गोळा म्हणजे या सगळ्या फ्लायचा जीव आहे. त्याच्या पुढं लगेच जे तंतू बांधाल ते या गोळ्यावर टेकतात आणि मागं सपाट पडायच्या ऐवजी बाहेर फाकतात, छत्रीच्या काड्यांना मधला टेकू असतो म्हणून कापड फुगून राहतं तसं. गोळा नसेल तर कितीही तंतू लावा, प्रवाहाच्या दाबानं ते शँकला चिकटणार. म्हणूनच राठ लोकर, मऊ लोकर पाण्यात बसते आणि टेकू जातो. मऊ, महागडं डबिंग (दोऱ्यावर पिळायचे तयार तंतू) आणून गोळा करणारे आणि मग फ्लाय फुलत नाही म्हणून अजून पिसं लावणारे खूप आहेत, त्यांना ही दोन रुपयांची घोंगडी दाखवली की गंमत वाटते.

गोळ्यापुढं इमूचे तंतू, वर तीन, खाली तीन, दोन्ही बाजूला तीन तीन, बस. एकदम जुडगा करून बांधू नका, चार ठिकाणी वेगवेगळे बांधा म्हणजे घेर चारी बाजूंनी सारखा येतो. टोकं गळाच्या वाकापर्यंत जातील इतकी लांब, त्याच्या पुढं गेली तर मासा नुसती शेपटी चावून जातो. बेगडाच्या दोन पट्ट्या, दोन म्हणजे दोनच. त्यावर रंगवलेल्या कोंबड्याच्या पिसाचे दोन वेढे, पीस टोकाकडून बांधायचं, बुडाकडून नाही, आणि प्रत्येक वेढ्याला तंतू बोटांनी मागं सारायचे.

मधलं अंग भराभर उरका. बेगडाची पट्टी गुंडाळत पुढं आणा, वरून बारीक तार नाहीतर जाड दोरा उलट्या दिशेनं विरळ फिरवा म्हणजे बेगड माशाच्या दातानं लगेच तुटत नाही. इथं काही फुगवायचं नाही. लोकांना मोकळी जागा बघवत नाही आणि तिथं पण पिसं घालतात, घालू नका, ती मोकळी जागा पाण्यात दिसतच नाही, मागचा आणि पुढचा घेर मिळून एकच मोठं अंग दिसतं.

पुढचा घेर मागच्यापेक्षा मोठा आणि इथं गोळा काळ्या लोकरीचा, लूप करून. दोरा खाली चारपाच इंच सोडून परत वर आणा म्हणजे फास तयार होतो, त्याच्या बुडाशी दोऱ्याचे दोन वेढे द्या, फासाला मेण लावा, दोन दोऱ्यांच्या मधे लोकर विरळ, आडवी पसरा, खाली क्रोशाची सुई अडकवून गरगर फिरवा. पीळ बसला की लोकर दोऱ्यात अडकून चारी बाजूंनी केस उभा राहिलेला काथ्या तयार होतो, तो मण्यांच्या थोडं मागं तीनचार वेढे गुंडाळा आणि दाभणानं केस मोकळे करा. मग परत इमूचे तंतू चार बाजूंनी, इथं प्रत्येकी चार घेतले तरी चालतील, लांबी इतकी की मागच्या घेराच्या मधापर्यंत पोचतील. पुन्हा बेगड दोन पट्ट्या. मग कडकनाथचं पीस तीन वेढे आणि सगळ्यात पुढं गिनी फाऊलच्या पिसाचा एकच वेढा, ते ठिपके काळ्यावर उठून दिसतात आणि त्याचे तंतू थोडे ताठ असल्यानं बाकीच्यांना पण फाकवून ठेवतात.

दोरा मण्यांच्या मधून पुढं आणा, छोटं डोकं करा आणि गाठ मारा. व्हिप फिनिशचं, म्हणजे ही शेवटची गाठ मारायचं, हत्यार असेल तर ठीकच, नसेल तर बॉलपेनच्या रिकाम्या नळीवर दोऱ्याचा फास घेऊन तो डोळ्यावरून डोक्यावर सरकवायचा, असे चार फास एकावर एक. नेलपॉलिश दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा. डोळ्याच्या भोकात नेलपॉलिश गेली असेल तर ओली असतानाच दाभणानं मोकळी करा, नदीवर गारठलेल्या बोटांनी ते करणं म्हणजे शिक्षा असते.

पाण्यात घालून बघा

बादलीत बुडवून काही कळत नाही, वाहतं पाणी लागतं. गळ काढून ठेवा, फ्लायला दोन हात दोरी बांधा, काठीला लावा आणि संगम माहुलीला घाटाच्या पायरीवरून कृष्णेत धरा, किंवा धोमच्या कालव्याला आवर्तन सुटलेलं असेल तेव्हा पुलावरून. कालव्याच्या उतरत्या काठावर जायचं नाही, शेवाळानं पाय सरकतो आणि वर यायला धरायला काही नसतं. माहुलीला हमखास कोणतरी येऊन काय लागलं का काका म्हणून विचारतो, गळ नाही म्हटलं की जरा लांबूनच बघतो.

बघायचं काय, तर पाण्याच्या ओढीत तंतू आत बाहेर हलतात का, श्वास घेतात का. सगळं मागं चिकटून बारीक झालं असेल तर गोळा लहान पडलाय किंवा लोकर मऊ आहे. फ्लाय स्वतःभोवती फिरत असेल तर मणी तिरके बसलेत किंवा एका बाजूला तंतू जास्त झालेत, मणी बोटानं फिरवून सरळ करा, नाहीच जमलं तर जास्तीचे तंतू उपटा, कापू नका, कापलेलं टोक पाण्यात थोटं दिसतं. एका कुशीवर पडत असेल तर मणी नीट खाली नाहीत. मग बाहेर काढून एक झटका द्या, लगेच पाणी सुटून परत फुलला पाहिजे. पाणी धरून ठेवत असेल तर पिसाचा एक वेढा कमी करायचा पुढच्या वेळी. खात्री करायची असेल तर ओला फ्लाय ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा, कोरडा किती, ओला किती, दोन फ्लायमधला फरक लगेच कळतो. सोनार एकदाच हसतो, मग तोच विचारायला लागतो यावेळी किती भरला म्हणून.

रंगाचं माझं मत साधं आहे, दोन रंगात सीझन निघतो. पाणी स्वच्छ आणि गार असेल तर काळा आणि निळा, पाणी हिरवट दुधाळ असेल तर केशरी आणि गुलाबी. अगदीच गढूळ असेल तर परत काळाच, कारण गढूळ पाण्यात खालून वर बघताना रंग नाही, सावली दिसते. दहा रंगांचे दहा फ्लाय बांधण्यापेक्षा एकाच नमुन्याचे सहा बांधा, तळाच्या दगडात फ्लाय जातातच आणि जो चालतोय तोच गेला की मग डबीत बाकी नऊ रंग असून उपयोग नसतो. मोठे छोटे मात्र ठेवा, पाणी उतरलं आणि नितळ झालं की दोन इंचाचा, चढलं की साडेतीन चारचा.

तिकडं घेऊन जाणार असाल तर

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करा, बऱ्याच नद्यांवर तसा नियमच असतो आणि नसला तरी करा, मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही, आणि तुमच्या कानात घुसला तर तुम्हालाही निघतो. हॅचरीत वाढवलेल्या माशाचा पाठीवरचा, शेपटीच्या अलीकडचा छोटा मांसल पर कापलेला असतो, तो पर शाबूत असेल तर मासा नदीतलाच, जंगली, तो सहसा पाण्यातून बाहेर न काढताच सोडायचा. वॉशिंग्टनमधल्या प्युजेट साउंड या खाडीकडचे स्टीलहेड २००७ पासून धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहेत, त्यामुळं कुठली नदी कधी बंद कधी चालू हे दर सीझनला बदलतं, निघायच्या आधी त्या राज्याच्या मत्स्य खात्याची साइट बघा. पिसं, केस लावलेल्या वस्तू अमेरिकेत उतरताना कस्टम्सच्या फॉर्मवर प्राण्यांपासून बनलेल्या वस्तूंच्या रकान्यात सांगाव्या लागतात, लपवू नका, आणि कच्च्या पिसांची पिशवी तर अजिबात नेऊ नका. माझा सल्ला असा की इथल्या कोंबड्यावर, इमूवर हात बसवा आणि तिकडं वापरायचे फ्लाय तिकडच्या दुकानातला माल घेऊन बांधा, कृती अक्षरशः तीच आहे, फक्त लोकरीचा छोटा पुडा हवा असेल तर तीही धुऊन आणि सांगून न्या.

आणि इथंच वापरायचा असेल तर मागचा गळ एक नंबर लहान करा आणि लांबी दोन इंचावर आणा, मरळ अशा फ्लायवर धावून येतो, पण गवतात लोंबता गळ अडकतो, तेव्हा मोकळ्या पाण्यातच फेका. रोहू कटल्याच्या मागं हे घेऊन फिरू नका, ते पिठाच्या गोळ्याचे गिऱ्हाईक.

वापरून झालेला फ्लाय ओला डबीत टाकायचा नाही, रात्रभर वर्तमानपत्रावर उघडा ठेवायचा, नाहीतर गळाचा गंज पिसाला लागतो आणि तो डाग निघत नाही. पिसांना कसर फार लवकर लागते, विशेषतः पावसाळ्यात, म्हणून नवीन आणलेली पिसं धुऊन वाळवून झिपच्या पिशवीत आठवडाभर फ्रीजरमधे ठेवा, बाहेर काढून दोन दिवस आणि परत आठवडाभर आत, म्हणजे अंडी राहिली असतील तर ती पण जातात. मग डब्यात डांबर गोळ्या टाका, पण त्याच डब्यात प्लास्टिकच्या बेगडाचे पुडे ठेवू नका, गोळीच्या वाफेनं ते चिकट होतात. घोंगडीची लोकर वेगळ्या डब्यात, कसर सगळ्यात आधी तिलाच धरते.